साडेदहाची सुनावणी

आमच्या आळीत पाणी रोज सकाळी साडेदहाला येतं आणि तासाभरात जातं. पाहुण्यासारखं येतं असंही म्हणवत नाही, कारण पाहुणा निदान चहा होईपर्यंत थांबतो. आळी चढावर आणि शहराची टाकी खाली सपाटीला, त्यामुळे खालच्यांचं सगळं भागलं की उरलंसुरलं आमच्या नळाला. नळ आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो आणि मग कुठे करंगळीएवढी धार धरतो. त्या तासात आमच्याकडे कोणी शेवटच्या घटका मोजत असेल, तर त्यालाही आम्ही सांगू, जरा दम धरा, पिंप भरून होऊ द्या.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. नवरा बेकरीत. रात्रभर पाव भाजून पहाटे घरी येतो तो नखशिखांत पिठाने माखलेला, आणि पिंपात पाणी उरलेलं नसलं की तसाच पलंगावर आडवा होतो. इतकी वर्षं त्याने तोंडातून ब्र काढला नव्हता. यंदा मात्र एके दिवशी उठला आणि म्हणाला, "ह्या खेपेला टाकी मंजूर झाली तर ठीक. नाहीतर घर विकू आणि भावाकडे राहायला जाऊ."

त्याचा भाऊ खाली राहतो. दीर चांगला, जाऊबाई त्याहून चांगली, आणि म्हणूनच मला तिथे जायचं नव्हतं. चांगल्या माणसांच्या घरात आश्रित म्हणून राहिलं की भांडायचीसुद्धा सोय नसते. शिवाय तिथे माझं मशीन मावलं असतं, दुकान नाही. पण नवऱ्याने दलालाला रविवारी घर बघायला बोलावून ठेवलं होतं. म्हणजे नुसतं बोलणं नव्हतं ते.

टाकीची गोष्ट अशी. आळीच्या डोक्यावर टेकडी आहे. तिच्यावर नवी टाकी बांधली की पाणी आमच्याकडे उताराने येणार, दिवसभर येणार. पैसे आले होते, नकाशे झाले होते. पण शहराच्या आराखड्यात टेकडी म्हणजे मोकळी जागा. तिथे काही बांधायचं तर आधी लोकांची सुनावणी घ्यावी लागते. टेकडीच्या पलीकडे, पायथ्याला, बंगले आहेत. त्यांना नळ आणि पाणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात हेच माहीत नाही. त्यांचं म्हणणं, टाकीमुळे टेकडीचं रूप जातं. दोन सुनावण्या झाल्या. दोन्हींना बंगले झाडून हजर, आणि आमच्यातलं चिटपाखरूही नाही. समितीने नोंद केली की वरच्या आळीतून कोणी आलं नाही, तेव्हा तिथे निकड दिसत नाही. आता तिसरी आणि शेवटची सुनावणी. तिच्यात नाही म्हणाले की पैसे दुसऱ्या कामाला वळणार.

हे सांगायला पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर स्वतः माझ्या दुकानात आला. टाकीचा नकाशा त्यानेच काढलेला, त्यामुळे पोटतिडकीने बोलत होता.

"तुमच्यासाठी मी धडपडतोय, आणि तुम्ही लोक साधे येऊन बसतही नाही?"

"सुनावणी किती वाजता असते, साहेब?" मी विचारलं.

"साडेदहाला."

"आणि आम्हाला पाणी किती वाजता सोडता?"

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "सुनावणी नगररचनावाले लावतात हो. ते तिसऱ्या मजल्यावर. आम्ही तळमजल्यावर."

"मधे जिना आहे ना?"

हसला बिचारा. पण हसून काय होणार? नोटीस निघाली होती, आता सुनावणी हलणार नव्हती. आणि आमच्या पाण्याची वेळ हलवायची तर खालच्या सगळ्या भागांची हलवावी लागते, ते काही त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. "कसंही करून या," एवढं म्हणून तो गेला.

संध्याकाळी आळी माझ्या दुकानात गोळा झाली. पाण्याच्या वेळेला घरात सापडतं ते बहुतेकांकडे एकेकच माणूस, बाकीचे कामावर. ते माणूस सुनावणीला गेलं की नळाशी कोण? आणि एक दिवस पाणी चुकलं तर दुसऱ्या सकाळपर्यंत घर कोरडं ठणठणीत. सगळ्यांनी जायचं आणि कोणीतरी एकाने मागे राहून सगळ्यांचं भरायचं, एवढाच उपाय होता. तो सुचायला दोन मिनिटं लागली, आणि त्यावर भांडायला दोन तास. कारण आमच्या आळीत पाण्यावरून ज्यांचं वाजलं नाही अशी दोन घरं शोधून सापडणार नाहीत. सुतारकाका म्हणाले, रेडिओमावशीकडे किल्ली देणार नाही, ती माझ्या कपाटात काय आहे ते गावभर सांगेल. रेडिओमावशी म्हणाली, कपाटात काही असेल तर सांगेन ना! ड्रायव्हरच्या बायकोला सुतारकाकांच्या हातावर भरवसा नव्हता, ते म्हणे अर्धं पिंप सांडतात. मी सगळ्यांना चहा दिला आणि मनात म्हटलं, जातंय आपलं घर.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "चाव्या माझ्याकडे द्या."

दुकानात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि माझ्या दुकानात टाचण्यांना तोटा नाही. दारात मेट्रन उभी होती.

मेट्रन म्हणजे माझी शेजारीण. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती, निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झालेला नाही. आम्ही दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होतो, म्हणजे जेव्हा पाणी असेल तेव्हा. कारणही तसंच होतं. मी शिलाई मशीनला विजेची मोटर बसवली, आणि भिंतीपलीकडे हिने घरघर ऐकून ठरवलं की मी चोरून पंप लावून तिचं पाणी ओढते. तक्रार केली. तपासणीस आले, हातात पाने-पकडी, मागे आळी. त्यांनी माझं सगळं घर धुंडाळलं आणि शेवटी मशीनवरच्या एका अर्धवट शिवलेल्या पायजम्यापाशी येऊन थांबले. आळी पोट धरधरून हसली. मी हसले नाही. चोर म्हणवून घेतल्यावर कसलं हसू? तिने कधी माफी मागितली नाही आणि मी कधी तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

"माझा गुडघा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणार नाही," मेट्रन म्हणाली. "मी तिथे निरुपयोगी. इथे मात्र उपयोगी आहे. चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळलाय, तुमची पिंपं सांभाळणं काही जड नाही."

गंमत अशी की कोणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांशी भांडलेल्या बाईचा एक फायदा असतो, ती कोणाच्याच बाजूची नसते.

सुनावणीच्या दिवशी सकाळी ती पायरीवर खुर्ची टाकून बसली. एकेक जण किल्ली देत होता आणि ती एकेकाची उलटतपासणी घेत होती. पिंप कुठे, प्यायचं कुठलं, झाकण कुठे ठेवलंय, नळीचं तोंड फाटलेलं नाही ना. प्रत्येक किल्लीला मी दिलेली वेगळ्या रंगाची चिंधी बांधत होती. माझी किल्ली मी शेवटी दिली. हात पुढे जाईना माझा, खोटं कशाला बोलू?

तिने चिंधीची गाठ मारली आणि वर न बघता म्हणाली, "मशीनचं बटण बंद करून जा. मला उगाच पंपाचा भास नको."

उतार उतरताना मला एकटीलाच हसू फुटलं.

तिसऱ्या मजल्यावरचा हॉल लांबट होता. पुढे टेबलामागे समिती, मधोमध अध्यक्षबाई. उजवीकडच्या खुर्च्यांवर बंगले, इस्त्रीचे. डावीकडे आम्ही धापा टाकत बसलो. नवराही आला होता, अंगावर पीठ तसंच. आम्ही बसलो तसा इंजिनिअरचा चेहरा खुलला.

बंगल्यांच्या वतीने एक निवृत्त वकीलसाहेब उठले. बोलले झक्क. टेकडी म्हणजे शहराचा श्वास, एकदा गेलेलं रूप परत येत नाही, आणि मागच्या दोन्ही वेळी समोरची बाजू रिकामी होती हे समितीने विसरू नये. त्यांचं ऐकून क्षणभर मलाच वाटलं, राहू दे बाई ती टाकी.

अध्यक्षबाईंनी आमच्याकडे पाहिलं. "प्रश्न रास्त आहे. गरज एवढी मोठी होती, तर दोनदा तुम्ही कुठे होता?"

सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. भांडायला मी पुढे, हे सगळ्यांना तोंडपाठ.

"नळाशी," मी उठून म्हटलं. "तुमची सुनावणी साडेदहाला, आमचं पाणी साडेदहाला. इथे येऊन टाकी मागायची की तिथे बसून पिंप भरायचं? टाकी पुढच्या वर्षी मिळणार, पण तहान आजच लागते हो. दोनदा आम्ही पिंप भरलं. ते चुकलं असेल तर चुकलं."

"आणि आज?"

"आज आम्ही सगळ्यांनी आपापल्या घराच्या किल्ल्या एका बाईकडे दिल्यात. आत्ता ह्या मिनिटाला ती दुखऱ्या गुडघ्याने घरोघर फिरून आमचं पाणी भरतेय. आणि अध्यक्षबाई, माझं आणि तिचं पटत नाही. तिने मला एकदा चोर ठरवलं होतं. तिच्या हातात घर देऊन आलेय मी. ह्याहून गरज कशी दाखवायची ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, तशी दाखवते."

आवाज चढला होता माझा. नवऱ्याने माझा पदर ओढला, मी तो सोडवून घेतला.

अध्यक्षबाई इंजिनिअरकडे वळल्या. "हे वेळेचं खरं आहे?"

"खरं आहे, मॅडम. चूक आमच्या दोन्ही मजल्यांची आहे."

समितीत कुजबुज झाली. तेवढ्यात उजवीकडून एक बाई उठल्या. बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई, माझं जुनं गिऱ्हाईक. "मी आक्षेपावर सही केली होती, ती मागे घेते," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडून माझे कपडे कधी वेळेवर येत नाहीत. का, ते आज कळलं." हॉल हसला, मीही हसले. खरं तर त्यांच्या कपड्यांचा आणि पाण्याचा काही संबंध नव्हता, पण देवाने दिलेलं नाकारू नये.

वकीलसाहेब पुन्हा उठले तेव्हा मी मनात म्हटलं, गेली टाकी. पण माणूस मोठ्या मनाचा निघाला. "टाकी अर्धी जमिनीत घ्या आणि फिरायची पायवाट ठेवा," ते म्हणाले. "तसं होत असेल, तर आमचं भांडण मिटलं." इंजिनिअर जवळजवळ ओरडलाच, "होतं साहेब, होतं!"

हात वर झाले. सगळेच्या सगळे. "नवीन टाकीला परवानगी देण्यात येत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. रेडिओमावशीने सुतारकाकांना चक्क मिठी मारली, आणि मग दोघंही घाबरून लांब सरकले. नवरा जिन्यातच फोनवर होता. "रविवारी येऊ नका," दलालाला सांगत होता. "नाही, किंमत नाही वाढवायची. घरच नाही विकायचं." त्याच्या पिठाळलेल्या गालावरून पाण्याचा ओघळ आला होता. मीही रडत होते, लपवायचं काय त्यात?

चढ आम्ही असा चढलो जसा लग्नाच्या वरातीतही कोणी चढत नाही. मेट्रन पायरीवर बसली होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली, मांडीवर रंगीत चिंध्यांच्या किल्ल्या. जो तो आपली किल्ली घेऊन घराकडे धावला, आणि घराघरातून आरोळ्या यायला लागल्या. काठोकाठ! आमचंही काठोकाठ! माझं पिंप भरलेलं होतं, हंडा भरलेला होता, आणि फडताळातला दुधाचा रिकामा डबासुद्धा घासून भरून ठेवला होता.

तिचे आभार मानायचे म्हणून मी पहिल्यांदा तिच्या घरात पाऊल टाकलं. मोरीतलं पिंप उघडंच होतं. तळाशी पेलाभरही पाणी नव्हतं.

"तुमचं?"

"गेलं पाणी तोवर," ती गुडघा चोळत म्हणाली. "माझा नंबर शेवटचा होता."

मला जो काही राग आला तो विचारू नका. "शेवटचा? तुम्हाला कोणी सांगितलं होतं शेवटचा ठेवायला? एवढी वर्षं माझ्या नळावर डोळा ठेवून बसलात, आणि आज धर्मराज झालात होय? बसा तिथेच. उठलात तर बघा!" असं तोंड सोडून मी घरी गेले, बादली पिंपात बुडवली आणि हिंदकळत तिच्या दारात आणून आदळली.

मेट्रनने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळे ओरडतायत, पण मला कोणी नीट सांगितलंच नाही. काय झालं तिथे?"

खरंच की! जिच्या जिवावर गेलो, तिलाच सांगायचं राहिलं होतं.

"मंजूर," मी म्हटलं. "एकमताने. टाकी होणार, बाई."

ती उठली. गुडघा विसरून उठली. दोन्ही हातांनी बादली उचलली आणि अख्खीच्या अख्खी माझ्या डोक्यावर उपडी केली.

माझा श्वासच अडकला. डोळ्यांत पाणी, कानांत पाणी. आळीतलं कोणीतरी ओरडलं, कोणाला तरी वाटलं आमची जुंपली.

"अहो, पाणी!" मी किंचाळले. "वाया गेलं ना सगळं!"

"येईल गं," मेट्रन म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हसत सुटली. "आता येईल पाणी."

मी निथळत, हसत, दुसरी बादली आणायला निघाले.