पाव किलो खसखस

टीव्हीवरच्या मालिकेला घाबरून बाथरूममध्ये जाऊन बसणारा चोपन्न वर्षांचा माणूस कुठे पाहायला मिळणार? आखातात, अल कुसैसला हनीफ परकारांच्या घरी मिळाला असता, दर रविवारी, जेवणानंतर. मालिकेत भूतबीत काही नव्हतं. रक्तसुद्धा बेताचंच. पण बरोबर ठरावीक जागी हनीफ उठायचे, आत जाऊन नळ सोडायचे आणि पाच मिनिटांनी कोरड्या हातांनी बाहेर यायचे.

मालिकेचं नाव ‘शाम की गिनती’. डोंगरातला एक जुना तुरुंग. पस्तीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हजेरी घेताना एकोणीस कैदी कमी भरतात. दार तोडलेलं नाही, भिंत खणलेली नाही, माणसं मात्र गायब. आणि आता एकेक जण परत यायला लागतो. तेच वय, तोच चेहरा, तेच मळके कपडे. बाकीचं जग म्हातारं झालंय, हे तसेच्या तसे. ते कोणाला मारत नाहीत की धमकावत नाहीत. ज्याच्या साक्षीमुळे शिक्षा झाली त्याच्या दारात जाऊन उभे राहतात आणि एकच विचारतात, “साब, सच बोला था?”

झालं. इथे हनीफ उठायचे.

“अब्बा, यू ऑलवेज गेट अप अॅट द बेस्ट पार्ट,” यम्ना म्हणायची. ती बावीस वर्षांची, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात नुकतीच लागलेली, आणि मालिकेची पक्की भक्त.

“शुगर आहे बाई त्यांना,” सुमैय्या नवऱ्याची बाजू घ्यायची. “सारखं जावं लागतं.”

शुगर होतीच. पण शुगरला वेळ कळत नाही, एवढं त्या दोघींच्या लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी सकाळी हनीफ नेहमीप्रमाणे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पोचले. इमारतींच्या एसीची देखभाल करणारी ही कंपनी. तिच्यात ते हेल्पर म्हणून आले आणि सुपरवायझर झाले. त्या दिवशी मुल्कातून सहा नवे टेक्निशियन आले होते. भिंतीला लागून उभे होते, हातात पासपोर्टच्या झेरॉक्स. हनीफ एकेकाचा कागद बघत पुढे सरकले आणि चौथ्यापाशी त्यांचे पाय थांबले.

दौलत मोरे उभा होता. तिशीचा. तसाच उंच, डाव्या भुवईत तसाच भोवरा, आणि समोरच्याचं बोलणं ऐकताना मान थोडी कलती ठेवायची तीच सवय.

दौलत तीन वर्षांपूर्वी गावी वारला होता. हनीफना तो निरोप मिळाला होता. तरी त्यांना कागदावरची अक्षरं लागेनात.

“धनंजय दौलत मोरे,” तो पोरगा म्हणाला. मग हनीफच्या शर्टावरचं नाव वाचून एकदम मराठीत आला. “तुम्ही हनीफचाचा ना? बंदर मोहल्ल्यातले? आई म्हणाली होती, तिथे आपल्या गावचे हनीफचाचा आहेत, त्यांना जाऊन भेट. बाबांचे जोडीदार होते ते.”

“हो,” हनीफ म्हणाले. मग पुढे म्हणाले, “संडेला घरी ये जेवायला.”

म्हणून गेले आणि आठवडाभर पस्तावले. पण बोलावणं मागे घ्यायची कुठे सोय असते?

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती. हनीफ आणि दौलत एकाच कंपनीत, एकाच गाडीवर. गाव एकच, दापोलीकडचं खाडीकाठचं. हनीफचं घर खाली बंदरावर, दौलतचं वरच्या वाडीत. दौलत दिवाळीला सुट्टीवर गेला होता. गावचा माणूस परत आखातात निघाला की त्याच्या बॅगेवर सगळ्या गावाचा हक्क असतो. निघायच्या आदल्या दिवशी घराघरातून गाठोडी येतात. कोणाची सुकट, कोणाची पापडं, कोणाच्या लेकाला लोणचं. नाही म्हणायची पद्धत नाही आणि आत काय आहे हे विचारायची तर मुळीच नाही. विचारलं तर तो अविश्वास झाला. दौलतच्या बॅगेत त्या खेपेला चार घरांचं सामान होतं.

त्यातलं एक हनीफच्या अम्मीचं, हव्वाबीचं. सुमैय्याला नववा लागला होता. हव्वाबीने फोनवर यादी वाचून दाखवली होती. डिंक, खारीक, अळीव, सुंठ, आणि लाडवांत घालायला पाव किलो खसखस.

खसखस इथे चालत नाही, अफूच्या बोंडातली म्हणून कायद्याने बंद आहे, हे हनीफना माहीत होतं. कंपनीने सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी दाराला कागदच लावला होता. “अम्मी, खसखस काढ” एवढं म्हणायला तीन सेकंदं लागली असती. पण अम्मी कौतुकाने सांगत होती, फोनचं कार्ड संपत आलं होतं, आणि एवढीशी खसखस कोण बघतंय असं त्यांना वाटलं. हेच ते. बाकी सगळं त्यातून निघालं.

एअरपोर्टवर हनीफ गाठोडं घ्यायला म्हणून गेले होते. विमानातली सगळी माणसं बाहेर आली, दौलत आला नाही. गावाकडचाच एक जण ट्रॉली ढकलत आला आणि म्हणाला, “दौलतला बाजूला घेतलाय. बॅगेत काहीतरी गावलं.” हनीफना तिथल्या तिथे कळलं काय गावलं ते. समोर वीस पावलांवर पोलिसांचं काउंटर होतं. त्यांनी त्या काउंटरकडे बघितलं, सुमैय्याचं पोट आठवलं, आणि ते बस पकडून घरी आले.

आठवड्याने कंपनीच्या माणसाने विचारलं, “तुम्हारा गाँववाला है ना? सामान किसका था, कुछ मालूम?”

“मेरे को क्या मालूम,” हनीफ म्हणाले.

त्याच दिवशी यम्ना जन्मली. अडीच वर्षं दौलत आत होता. मग परत पाठवला, पुन्हा इथे यायचं नाही असा शिक्का मारून. हनीफ त्याला एकदाही भेटायला गेले नाहीत. गावी सुट्टीवर गेले की वरच्या वाडीचा रस्ता टाळून खाडीच्या कडेने चालायचे. हव्वाबीला त्यांनी बजावून ठेवलं होतं, “अम्मी, कोणाकडे बोलू नकोस.” ती बोलली नाही. कबरीत गेली तरी बोलली नाही.

तर रविवारी धनंजय आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा. सुमैय्याने पापलेट तळले होते, सांदणं केली होती. पोरगा लाजत लाजत बसला आणि मग भुकेपुढे लाज हरली. हनीफ त्याच्याकडे न बघता जेवत होते, आणि न बघता जेवायचं म्हणजे घास कुठे जातोय ते कळत नाही.

“गावावरून काही आणलंस का रे, सुकट वगैरे?” सुमैय्याने सहज विचारलं. “पुढच्या खेपेला सांगीन मी तुझ्या आईला.”

“नाही हो चाची,” धनंजय म्हणाला. “आमच्या वाडीतून आता कोणी कोणाचं सामान नेत नाही. बाबांचं ते झालं ना, तेव्हापासून. आई तर मला म्हणाली, कोणी देवाचा अंगारा दिला तरी घेऊ नकोस.”

“झालं काय होतं नक्की?” यम्नाने विचारलं. “आय मीन, इफ यू डोन्ट माइंड.”

“खसखस,” तो म्हणाला. “कस्टमवाल्यांनी सगळी गाठोडी सोडून टेबलावर ओतली. नुसत्या प्लास्टिकच्या पुड्या, कोणाची कुठली कळायला मार्ग नाही. बाबांना विचारलं, सामान कोणाचं? चार घरांची नावं घेतली तर चार घरं उठतील, म्हणून बाबा म्हणाले, सगळं माझंच. आणि खरंच आमचंच निघालं. म्हणजे, आईला वाटतं तसं.”

हनीफनी मान वर केली. “आईला काय वाटतं?”

“दिवाळी होती ना. तिने अनारसे केले होते, खसखस घरात होती. घाईघाईत मसाल्याच्या पुड्या भरल्या, त्यात तीही भरली असणार असं ती म्हणते. नक्की आठवत नाही तिला. चाचा, बावीस वर्षं ती आठवायचा प्रयत्न करतेय. मध्येच उठून पुड्या मोजून दाखवते. तीळ, जिरं, धणे, ही चौथी कसली होती? तेव्हापासून आमच्याकडे अनारसे नाहीत. घरात खसखस नाही.”

सुमैय्या हळहळली. यम्नाने फोन बाजूला ठेवला. टीव्ही चालूच होता आणि त्यात एक कैदी कोणाच्या तरी दारात उभा होता, पण आवाज बंद असल्यामुळे तो काय विचारतोय ते ऐकू आलं नाही. हनीफना ऐकायची गरज नव्हती. ते सवयीने अर्धे उठले. मग धनंजयच्या कलत्या मानेकडे बघून पुन्हा खाली बसले.

आजवर त्यांनी मनाची समजूत घातली होती की आपण एका माणसाचं वाईट केलं. तो सुटला, घरी गेला, आजारपणात गेला, आता खलास. त्या घरात अजून एक जण शिक्षा भोगतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि तिला सोडवणारा जगात एकच साक्षीदार उरला होता. त्याला बोलायची लाज वाटत होती, भीती वाटत होती, मुलीसमोर तर जमिनीत जावंसं वाटत होतं.

“तुझ्या आईला फोन लाव,” ते म्हणाले. “व्हिडिओवर.”

प्रभावती पडद्यावर आली. केस पांढरे झालेले, चष्मा नवा. मागे गोठ्याचं दार. लेकाला जेवलास का विचारलं, आणि हनीफना बघून चेहरा उजळला.

“हनीफभाई, किती वर्षांनी हो. पोराकडे लक्ष ठेवा. तुमचाच आधार आहे त्याला तिथे.”

“वहिनी,” हनीफ म्हणाले, “ती खसखस तुमची नव्हती.”

प्रभावतीला ऐकू आलं नसावं, किंवा कळलं नसावं. “काय म्हणता?”

“आमची होती. अम्मीने घातली होती, सुमैय्याच्या बाळंतपणासाठी. पाव किलो. अम्मीने मला फोनवर सांगितलं होतं. चालत नाही हे मला माहीत होतं, मी काढायला सांगितली नाही. दौलतला पकडला तेव्हा मी बाहेर उभा होतो. मी बोललो नाही. नंतर विचारलं तेव्हाही मला माहीत नाही म्हणालो. तुम्ही काही घातलं नव्हतं, वहिनी. अम्मीला दोष देऊ नका, तिला मीच गप्प केलं.”

सुमैय्याने हातातली वाटी खाली ठेवली, ती ताटाला लागून वाजली. यम्ना बापाकडे बघत होती. धनंजयने फोन धरलेला हात हलवला नाही, पण हनीफवरची नजर काढून घेतली.

“पाव किलो,” प्रभावती म्हणाली. “मग ती माझी नव्हेच. माझ्या डब्यात मूठभर उरली होती.” मग म्हणाली, “म्हणून हव्वाबी दर ईदला शिरखुर्मा घेऊन यायची. उंबऱ्यात ठेवायची आणि जायची. आत कधी आली नाही. मला वाटायचं, आम्ही आत घेणार नाही असं वाटत असेल तिला.”

“वहिनी, मला माफ...”

“त्यांना माहीत होतं?”

“कोणाला?”

“यांना. धनूच्या बाबांना.”

हनीफना खोटं बोलायची एक शेवटची सोय समोर आली होती. हो म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. “नाही,” ते म्हणाले. “त्याला कोणीच सांगितलं नाही.”

प्रभावतीने चष्मा काढून पदराने पुसला. रडली नाही.

“ते मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत, हनीफभाई. सतरा वर्षं. गावात कोणी विषय काढला तर उठून जायचे. पण कुठे जायचं झालं की आपली पिशवी आपणच भरायचे. दापोलीला दवाखान्यात जायचं असलं तरी डबा स्वतःच्या हाताने. मी पुढे झाले की म्हणायचे, राहू दे, तू दमलीस. शेवटचं मुंबईला ऑपरेशनला नेलं, तेव्हा धड उभं राहता येत नव्हतं. तेव्हाही पिशवी मला भरू दिली नाही.”

हनीफनी समोरचं ताट बाजूला सारलं.

“तेव्हा जरी सांगितलं असतंत,” ती म्हणाली. “एकदा तरी त्यांची पिशवी मी भरली असती.”

मग तिने धनंजयला नीट राहा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. धनंजयने उठून हात धुतले, सुमैय्याला जेवण छान होतं म्हणाला, आणि दारात चपला घातल्या. हनीफ मागे गेले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पोरगा वळला, मान किंचित कलती करून ऐकायला उभा राहिला, अगदी दौलतसारखा. हनीफनी पुढे होऊन दार उघडून धरलं.

“येतो,” तो म्हणाला. चाचा म्हणाला नाही.