चुलीवरची गोरखचिंच

लसणाच्या माळा, धुराने काळ्या.

आषाढ. टॉवेलसुद्धा वाळत नाही.

गाजरासारखं मूळ.

पानं गळली म्हणजे मेलं, असं सगळ्यांनाच वाटतं.

या तुकड्यांच्या मधोमध एक झाड आहे. गोरखचिंच, मूळची आफ्रिकेची, कमरेइतकी उंच. कॉलेजच्या वनस्पती उद्यानात परदेशी झाडांचा कोपरा आहे. तो वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या संघप्रियाकडे असतो. तिथली बाकीची झाडं आधीच्यांनी लावलेली. बियांपासून तिने वाढवलेलं हे एकच.

आज तिने खोड बोटाने दाबलं. बोट आत गेलं.

"मावशी, हिवाळ्यात हिला पाणी कुणी घातलं?"

बागकाम करणाऱ्या धोंडुबाईंचं खुरपं थांबलं नाही. "मीच घालत होतो की. का?"

"नको म्हटलं होतं ना? पानं गाळून ती झोपते. तेव्हा पाणी चालत नाही."

"झोपती म्हणं! पार बोडकी झालती. लेकरू उपाशी झोपलं तर उठवून चार घास घालतोयच की आपण. घरनं शेणाचं पाणीबी आणून घातलंय."

संघप्रियाला ओरडायचं होतं. तिने कुदळ उचलली.

"काय करतायसा?"

"उपटते. कुजलेलं कापायचं, उरलेलं वाळत टांगायचं. दोन-अडीच महिने. मातीशिवाय."

"जित्तं झाड? कांदा हाय व्हय ती?"

"जवळपास."

सुरी. काळं. काळं. तपकिरी.

पांढरं.

उरलं हातभर. हेही चुकत असेल, असं तिच्या मनात आलं. वाळवायचं कुठे? प्रयोगशाळेच्या भिंती ओल्या, तिच्या फ्लॅटच्याही.

"माझ्या चुलीवर टांगू," धोंडुबाई म्हणाल्या. "बियाण्याची कणसं तितंच ऱ्हात्यात. ओल न्हाय, कीड न्हाय."

"फार धग नको लागायला."

"उंच बांधतो. पर मी परत पाणी घालीन, ह्याचं भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं."

"मलाबी."

धोंडुबाईंच्या गावाला, वडणग्याला जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "मावशी, एवढा मोठा मुळा?"

"पावणा हाय. लांबचा. तिकीट मागू नगंस."

दसऱ्याला खाली काढून पाहिलं, तर कापलेली जागा लाकडासारखी टणक लागली. वाळू-खडीत गोरखचिंच परत लावली. मग हिवाळा. काठी, नुसती काठी. धोंडुबाई रोज झारी घेऊन त्या कोपऱ्यावरून जायच्या, तिथे आलं की झारी झाडापासून लांबच्या हातात घेऊन.

वैशाखात शेंड्यावर हिरवा ठिपका आला. संघप्रियाने झारी भरली आणि त्यांच्या हातात दिली.

धोंडुबाईंनी विचारलं, "किती?"

हे झाड ज्या बियांतून आलं, त्या सुरुवातीला रुजत नव्हत्या, तेव्हा त्या बियांची टणक कवचं धोंडुबाईंनी आपल्या अडकित्त्याने फोडली होती.