दारापर्यंत जाणारी गाडी

गाडी कुठली ठरवायची यावरून आमच्या घाटकोपरच्या खोलीत भांडण चाललं होतं. धाकटा भाऊ जयवंत म्हणत होता अॅम्बेसिडर, मी म्हणत होते जीप. ज्यांच्यासाठी भांडत होतो ते आमचे बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. संपात गिरणी गेली तेव्हाही बाबांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता एकच मागत होते. गावच्या घरात, पडवीत मरायचं.

"ताई, त्यांचं हाडन् हाड दुखतं गं," जयवंत म्हणाला. "जीपमध्ये वाट लागेल त्यांची. अॅम्बेसिडरची सीट मऊ असते."

"आणि तुझी मऊ सीट गावाखालच्या वहाळाच्या पाण्यापाशी थांबेल. पुढे दगडगोट्यांचा चढ. वर कोण नेणार?"

"डोली करू."

"उचलायला कोण आहे रे वाडीत? सगळे खांदे इथं मुंबईत येऊन बसलेत."

भांडण जिंकूनही मला बरं वाटलं नाही.

चेंबूरचा कुंडलिक लिलावात घेतलेली जुनी मिलिटरी जीप भाड्यानं द्यायचा. चारही चाकांना जोर, कुठलाही चढ चढते म्हणाला. "पण आधी पेशंटला बसवून बघा, मग ठरवा." मागे गादी टाकून बाबांना निजवलं, मी उशाशी बसले, आणि त्यानं घाटकोपरच्याच भटवाडीच्या चढावर गाडी घातली. प्रत्येक खड्ड्याला बाबा बाजूची लोखंडी दांडी आवळत होते. तोंडातून मात्र ब्र नाही.

खाली उतरवताना जयवंतनं विचारलं, "त्रास झाला ना, बाबा?"

"माका कायच दुखूक नाय," बाबा म्हणाले. "गाडी झकास आसा. हीच घे."

धडधडीत खोटं. दांडीवरची त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली होती. घराच्या दारापर्यंत पोचायला माणूस किती सोसतो, ते बघून माझा जीव तुटला. तरी मीही म्हणाले, "हो रे, आरामात होते." जयवंतला रजा मिळत होती, म्हणून पुढच्या रविवारी निघायचं ठरलं.

बाबा शुक्रवारी दुपारी गेले. दोन घास पेज खाल्ली, कूस बदलली, आणि संपलं.

रविवारी सकाळी जीप चाळीपुढे येऊन उभी राहिली. कुंडलिकला कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मागे त्यानं आपणहून पेंढ्याचा जाड थर पसरून वर गादी घातली होती, बाबांना हादरे बसू नयेत म्हणून. ती गादी बघितली आणि दोन दिवस अडकलेलं रडू मला तिथं रस्त्यातच फुटलं.

कुंडलिकनं टोपी काढली. म्हणाला, "तरीबी चला. अस्थी घेऊन जाऊ दारापत्तर."

जयवंतनं मान हलवली.

"नको. आता एस.टी. चालेल," तो म्हणाला. "वहाळापासून मी हातात घेऊन चढेन."