शेणाचा उजवा फेर

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर शशिधर वर्तकांची बायको नंदा दर शनिवारी नॅशनल पार्कच्या हेडक्वार्टर्समध्ये व्हॉलंटियर म्हणून जायची. ऑफिसच्या मागे एका मेंढपाळाचं दोनशे वर्षांचं दगडी घर होतं. १९८७च्या इस्टरला ते लोकांना दाखवायचं, असं तिथले प्रमुख पेम्ब्रिजसाहेब यांनी ठरवलं. त्याआधी शेकोटी पेटवून पाहिली, तर सगळा धूर खोलीत! धुराड्याच्या आतला सिमेंटचा गिलावा तडकून झडला होता.

“चुन्यात शेण घाला. तापलं तरी टिकतं,” नंदा म्हणाली.

पेम्ब्रिज हसले. “मिसेस वर्तक, हा इंडिया नाही.”

“माझे आजोबा शेणच घालायचे,” म्हातारा गवंडी आर्थर खाली मान घालून पुटपुटला.

पेम्ब्रिजनी मुकाट्याने वही काढली. “कालवायचं कसं?”

ते ‘इंडिया नाही’ नंदाला चांगलंच झोंबलं होतं. “पायांनी तुडवून,” ती गंभीरपणे म्हणाली. “मोठ्या साहेबांनी स्वतः. आणि उजवीकडूनच गोल फिरायचं. उलटं फिरलं की गाठी होतात.”

आर्थरला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

दुसऱ्या शनिवारी पेम्ब्रिजसाहेब टाय लावून, गमबूट चढवून घमेल्याएवढ्या नव्हे, चांगल्या न्हाणीएवढ्या टबात उभे राहिले आणि तासभर उजवे फेरे घालत राहिले. अख्खं ऑफिस खिडकीत. आर्थरने तो गिलावा चढवला. चार आठवडे वाळल्यावर शेकोटी पेटवली, तर धूर सरळ आभाळात!

इस्टरला नंदा नवऱ्याला घेऊन गेली. दारातच पाटी : ‘हे मिश्रण परंपरेनुसार उजवीकडून तुडवले जाते.’

नंदाचा चेहरा उतरला. “अहो, हे मी उगाच सांगितलं होतं.”

“नंदा! आत्ताच्या आत्ता जाऊन सॉरी म्हण.”

ती आत गेली. पेम्ब्रिज दहाबारा लोकांना फेरे घालून दाखवत होते, लहान मुलासारखे खुशीत. नंदाने घसा खाकरला. “मिस्टर पेम्ब्रिज, ते उजवीकडून फिरणं...”

“अगदी बरोबर आहे हो!” गर्दीतली गावातली एक आजीबाई मध्येच म्हणाली. “आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या असंच तुडवायचे.”