साहेबरावांच्या हातचे तुकडे

साहेबराव गेले त्या सकाळी त्यांनी केळीचं ताजं खोड उभं चिरून हात-हात लांबीचे तुकडे बागेत पालथे मांडले होते. ओल्या खोडाच्या वासानं केळी पोखरणारे भुंगे येतात, खाली दडून बसतात. दोन-चार दिवसांनी तुकडा उलटायचा आणि भुंगे वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. अर्धापूरकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण छातीत कळ आली, नांदेडचा दवाखाना गाठायच्या आत माणूस संपला, आणि भुंगे वेचायचे राहून गेले.

तेरावं झाल्यावर साहेबरावांच्या बायकोला, उज्वलाला, धाकटा दीर भागवत म्हणाला, "वहिनी, त्ये तुकडे उचलतो. लई दिवस झाले."

"हात लावायचा न्हाई," उज्वला म्हणाली. "त्यांच्या हातचे हायत."

आता बोला! नवरा गेलेल्या बाईला शहाणपण कोण शिकवणार? उज्वला रोज बागेत जायची, त्या तुकड्यांपाशी टेकायची, घरातलं सगळं त्यांना सांगून यायची. तेवढा वेळ तिला वाटायचं, माणूस विहिरीवर पाणी प्यायला गेलाय, येईलच. मायेला कुठं डोळे असतात!

दिवाळी झाली अन् केळी पडायला लागल्या. खोडांना भोकं, भोकांतून चिकट रस, आणि वारं नसताना घडासकट झाड मधूनच मोडायचं. साहेबरावांनी लेकरागत वाढवलेली बाग ती. उज्वला हबकली. तिनं जवळचा तुकडा उलटला.

खाली अळ्यांची नुसती वळवळ. वासानं बोलावलेल्या भुंग्यांना मारायला कुणी आलंच नव्हतं. त्यांनी तिथंच संसार थाटला होता.

"माझ्याच हातानं घालवली हो मी तुमची बाग!" तिनं हंबरडा फोडला.

भागवतनं बांधाशी खोल खड्डा खणला. उज्वलानं एकेक तुकडा स्वतः आणला, कोयत्यानं बारीक केला, वर रॉकेल ओतलं. शेवटचा तुकडा तिनं अळ्यांसकट उराशी धरला. मग तोही टाकला.

भागवतनं फावडं उचललं, तसं तिनं ते धरलं. त्यांच्यात बायका मातीला जात नाहीत. साहेबरावांना स्मशानात नेलं तेव्हा तिला दारातच धरून ठेवलं होतं.

"थांबा भावजी," ती म्हणाली. "इथं तरी माती मला देऊ द्या."