खणातला माइक

मी माइक बोलतोय. हसू नका; जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आज जरा स्वतःचं बोलतो.

विद्यापीठात अर्धी मुलं वर्गात, अर्धी घरून पडद्यावर, असं शिकवणं सुरू झालं तेव्हा मला आणलं. वर्गातल्यांनी माझ्यात बोलायचं, म्हणजे घरच्यांना ऐकू जाईल. आठवडाभर सगळ्यांनी मला हौसेनं मिरवलं. मग आमचे सर म्हणाले, आपला आवाज खणखणीत आहे, याची कटकट कशाला? झालं, माझी रवानगी टेबलाच्या खणात, डस्टरशेजारी.

सरांचा आवाज खणखणीत होता, खोटं कशाला बोलू. ते संगणकापाशीच उभे राहत, त्यामुळे त्यांचं सगळं घरी पोचायचं. बाकांवरून मुलं बोलत, ते मात्र वर्गातच राहायचं.

हळूहळू मुलं वर्गात परतली. एकच मुलगी घरी राहिली. तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. पडद्यावर एवढ्याशा चौकोनात दिसे, म्हणून पोरांनी तिला 'चौकोन'च म्हणायला सुरुवात केली. आईचं औषधपाणी सांभाळून ती एकही तास चुकवत नसे. माझा तिच्यावर फार जीव.

तिचा सेमिनार झकास झाला. नंतर वर्गातून तीन प्रश्न आले आणि चौकोन गप्प. सरांनी वाट पाहिली आणि वहीत शेरा मारला, 'तयारी नाही'. सेमिनार गेला की परीक्षेला बसता येत नाही. प्रश्न ऐकूच आले नाहीत, असं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर सरांना ती सबब वाटली. रोज तास ऐकू येतो आणि प्रश्न तेवढे येत नाहीत होय? मी खणात नुसता चरफडलो.

पुढच्याच आठवड्यात सरांचा पाय मुरगळला. ते घरून शिकवायला बसले. पडद्यावर आता दोन चौकोन. सरांनी प्रश्न विचारला, सगळा वर्ग एकदम बोलला. सरांना मात्र पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. त्यांनी कानातले इअरफोन काढून पुसले, परत घातले.

"तोंडं हलताहेत तुमची, ऐकू काहीच येत नाही," ते वैतागून म्हणाले.

तेव्हा दुसऱ्या चौकोनातून हळूच आवाज आला, "सर, मला रोज असंच दिसतं."

सरांचा चेहरा पार उतरला. ते म्हणाले, "खणात माइक आहे, काढा. आणि तिला ते तिन्ही प्रश्न परत विचारा. चूक माझी होती."

माझा सेल कधीच संपलेला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला आणि मला घातला. तिन्ही उत्तरं बिनचूक आली. शेवटी पलीकडून तिच्या आईचा थकलेला आवाज आला, "झालं का गं नीट?"

आता हाताळून सैल झालेलं माझं सेलचं झाकण चिकटपट्टीवर तग धरून आहे आणि ते घड्याळ अजून बंदच आहे. कसाही ठेवा, पण खणात नको. बोलायच्या आधी मला हातात घ्या, एवढंच मागणं.

आई हिंडूफिरू लागल्यावर ती मुलगी परवा पहिल्यांदा वर्गात आली. तिच्या मनात प्रश्न होता, तरी तो तिनं लगेच विचारला नाही. पाय मोडून घरी बसलेला एक मुलगा पडद्यावर होता. तिनं मला उचललं आणि आधी त्याला विचारलं, "ऐकू येतंय ना रे तुला?"