ढोलानं उघडलेले कान

काकतीच्या माळावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांच्या स्टेजवर मागं भलामोठा ढोल, मधे बहिरेपण घालवतो म्हणणारा नादबाबा आणि पुढं, लोकांकडं तोंड करून बसलेली माझी चार वर्षांची भाची सौम्या. जन्मापासून तिला ऐकू येत नाही.

"डॉक्टर म्हनत्यात शीर मेलीया!" बाबा माइकवर गरजला. "अरे, शीर मरतीया व्हय? शीर झोपतीया! तिला झोपवलंय ह्या मशीननं!"

त्यानं सौम्याच्या कानांतली मशीनं काढून घंगाळात फेकली, कानांत कसलंसं कोमट तेल ओतलं आणि मागं जाऊन ढोल बडवला. सौम्या गर्रकन वळली. लोकांनी माळ डोक्यावर घेतला. माझी बहीण नीलम हुंदके देत त्या भामट्याच्या पायावर पडली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच मशीनच्या आधारानं पोरगी नुकती 'आई' म्हणायला लागली होती. बेळगावच्या लतिका मॅडम ऑडिऑलॉजिस्ट आहेत; श्रवण तपासून त्यांनीच तिला मशीन बसवलं होतं. बाबाचं ऐकून नीलमनं तिथं जायचं बंद केलं, म्हणून मीच मॅडमना माळावर घेऊन आलो होतो.

"कुनाला शंका हाय? या की वर!" बाबानं छाती ठोकली.

मॅडम चपला काढून वर गेल्या. सौम्याच्या मागं उभं राहून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "सौम्या!" पोर हलली नाही. मग त्यांनी टाचेनं फळी नुसती दाबून हलवली. खाली आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. सौम्या मात्र झटकन वळली.

"आता हिला खाली मातीवर बसवा, पाठ इकडं करून. बाबा, वाजवा ढोल."

"देवाची परीक्षा बघतीस?"

"मग मीच वाजवते."

ढोल दणाणला. गर्दीतलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. सौम्या मातीत बोटानं रेघोट्या ओढत राहिली.

"फळ्या खालून पोकळ आहेत," मॅडम म्हणाल्या. "ढोल वाजला की त्या थरथरतात. ती थरथर पोरीच्या अंगाला कळते. ती ऐकून वळत नाही."

"ए बाई, धर्मात ढवळाढवळ नगं!" कुणीतरी ओरडलं.

"तिला का गप करतोस रं?" येळ्ळूरचे परशरामआप्पा उठले. "माझ्या नातवालाबी ह्यानंच बरं केलंय म्हनं, त्यालाबी मातीवर बसवून बघूया."

बसवलं, ढोल वाजवला. तोही वळला नाही. बाबा तोवर गाडीत बसून पसार झाला होता. नीलम घंगाळात हात घालून मशीन शोधत होती. त्यात आणखी कितीतरी पोरांची मशीनं पडली होती.

"अण्णा, ती वळली तवा मला वाटलं, आता माझी हाक पोचंल," ती एवढंच बोलली. तिच्यावर रागवायचं माझ्याच्यानं झालं नाही.

तेलानं सौम्याचे दोन्ही कान पिकले. ते बरे होईपर्यंत मशीनं घालता येईनात आणि शिकलेली 'आई' ती विसरली. आता मॅडमकडं पुन्हा पहिल्यापासून चाललंय.

त्या बाबाला मी भोळा समजत नाही. ढोल फळ्यांवरच का ठेवायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुमचं बाळ हाकेला वळत नसेल, घरातलं म्हातारं माणूस सारखं 'काय?' विचारत असेल, तर कानांत तेल ओतू नका. ऑडिऑलॉजिस्टकडून तपासून घ्या. मूल ऐकायला आणि बोलायला शिकतं ते लहानपणीच. ती वर्षं वाया गेली, तर ती भरून काढणं डॉक्टरांनाही जमत नाही.